सहा महिन्यांची अट आणि ८४ दिवसांचे औषध

पत्राचा सारांश: नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचा ३३ वर्षांचा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. सुमारे चार वर्षे तो शिरेतून नशा करत होता. गेल्या वर्षी तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आल्यापासून तो बराच सावरला आहे, पण मधल्या काळात दोनदा त्याने पुन्हा सुई घेतली. दोन महिन्यांपूर्वी अशक्तपणासाठी केलेल्या तपासणीत ‘हिपॅटायटिस सी’ हा यकृताचा विषाणूजन्य आजार निघाला आणि एका खासगी डॉक्टरांनी ‘आधी सहा महिने सुई पूर्ण बंद, मग औषधाचे बघू’ असे सांगून परत पाठवले. घरी आईने त्याचे ताट, वाटी आणि पेला वेगळा केला असून ओळखण्यासाठी ताटाच्या कडेला नेलपेंटचा लाल ठिपका लावला आहे. मध्यंतरी भगिनींना कपाटामागे वापरलेल्या तीन सिरिंज सापडल्या. त्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीत टाकल्या आणि घरात कोणालाच सांगितले नाही. त्या विचारतात: सहा महिने थांबावे का? औषध दिले आणि त्याने पुन्हा सुई घेतली, तर सगळे वाया जाणार नाही का? घरच्यांना धोका किती? आणि तो बरा झालाच, तर पुढे काय?

ताई,

तुमच्या पत्रात ‘वाया’ हा शब्द चार वेळा आला आहे. पैसे वाया, केंद्रातले तीन महिने वाया, औषध वाया आणि शेवटी ‘आमची वर्षे वाया’. तो तुमच्या दमणुकीतून आलेला आहे आणि त्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नये. मात्र उपचाराचा निर्णय या शब्दावर उभा राहू नये, असे मला वाटते. त्याकडे येण्यापूर्वी तुम्ही पाठवलेले तीन कागद पाहू, कारण त्यांत एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे.

पहिला कागद ‘अँटी-एचसीव्ही रिअॅक्टिव्ह’ असे सांगतो, दुसऱ्यावर यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या आहेत, तिसरा सोनोग्राफीचा. पहिल्या तपासणीचा अर्थ एवढाच की हा विषाणू कधीतरी तुमच्या भावाच्या शरीरात शिरला होता आणि शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे ती तपासणी सांगू शकत नाही. लागण झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे तीस जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत, कोणत्याही औषधाविना, विषाणूला हुसकावून लावते आणि त्यांचा हा अहवाल तरीही आयुष्यभर ‘रिअॅक्टिव्ह’च येत राहतो. आज विषाणू आहे का, हे सांगणारी तपासणी वेगळी आहे. तिला एचसीव्ही आरएनए किंवा बोलीभाषेत ‘व्हायरल लोड’ म्हणतात आणि ती तुमच्या कागदांत नाही. म्हणजे ज्या आजारासाठी ताट वेगळे झाले आणि सहा महिन्यांची अट पडली, तो आजार सध्या आहे, हे अद्याप सिद्धच झालेले नाही. यकृताचे आकडे वाढलेले असल्यामुळे विषाणू असण्याची शक्यता बरीच आहे, हेही मोकळेपणाने सांगतो. पण आधी ही तपासणी, मग बाकी सारे.

आता त्या अटीविषयी. तुम्हाला ती डॉक्टरांचा कठोरपणा वाटते, तुमच्या आईंना ती शिस्त वाटते. तिला एक इतिहास आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि पुढची दोन दशके त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने. सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ती घ्यावी लागत. अंगात फ्लूसारखा ताप भरे, रक्तपेशी घटत, कित्येकांना गंभीर नैराश्य येई, आणि एवढे सोसूनही बरे होण्याची खात्री नसे. नुकतीच नशा सोडलेल्या माणसाला नैराश्य आणणारे औषध, तेही सुईनेच, द्यायला डॉक्टर कचरत असतील, तर ते अगदीच अनाठायी नव्हते. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने किमान सहा महिने नशा बंद असल्याखेरीज उपचार करू नयेत असे सुचवले. २००२ मध्ये तिथल्याच पुढच्या परिषदेने सरसकट नकार न देता रुग्णागणिक निर्णय घ्यावा, अशी भूमिका घेतली. त्यानंतर २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे तोंडावाटे घेण्याचे औषध अमेरिकेत मंजूर झाले आणि उपचाराचे सगळे चित्रच पालटले. अटीमागचे कारण निघून गेले, अट मात्र काही दवाखान्यांतून अजून सांगितली जाते.

आजचा उपचार असा आहे. यकृताला सिरॉसिस झालेला नसेल, म्हणजे ते व्रण साचून कडक झालेले नसेल, तर सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून एकदा, १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. सिरॉसिस असला तरी पोटात पाणी वगैरे झालेले नसेल, तर डॅक्लाटासव्हिरऐवजी व्हेलपाटासव्हिर देतात. यकृत त्याहून खालावलेले असेल, तर सोबत रिबाव्हिरिन हे आणखी एक औषध जोडतात किंवा कालावधी वाढवतात आणि हे काम तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली होते. नियमित गोळ्या घेणाऱ्या शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. सुरुवातीला अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या एकेका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. पैसे वाया जाण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, तिचा मोठा भाग इथेच संपतो.

आता ‘पुन्हा सुई घेतली तर?’ हा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही. उपचाराआधीच्या सहा महिन्यांत ज्यांनी सुईने नशा केली होती, अशा १०३ जणांवर सात देशांत सोफोसबुव्हिर-व्हेलपाटासव्हिरचा एक अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेक जण उपचार चालू असतानाही नशा करत होते. तरी ९४ टक्के लोक बरे झाले. ज्या माणसाला आपण बेभरवशाचा समजतो, तो गोळी मात्र घेतो, असा त्याचा साधा अर्थ. पुन्हा लागण होऊ शकते, हे खरे आहे. या विषाणूवर लस नाही आणि एकदा बरे झाल्याने संरक्षणही मिळत नाही. पण तशी लागण झालीच, तर पुन्हा उपचार करता येतात. दम्याचा रुग्ण दुसऱ्यांदा दवाखान्यात आला, तर पहिले औषध वाया गेले असे आपण म्हणत नाही. शिवाय तुमचा भाऊ ज्या काळात सुई घेत असेल, नेमक्या त्याच काळात त्याच्या रक्तात विषाणू नसणे सोबतच्या माणसांसाठी सर्वाधिक मोलाचे असते. तेव्हा उपचार थांबवून ठेवणे हाच मला खरा अपव्यय वाटतो.

थांबणे योग्य ठरते असे काही प्रसंग आहेत, तेही सांगतो. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल, तर ती हिपॅटायटिस सीच्या या गोळ्यांबरोबर चालत नाहीत. हृदयाच्या ठोक्यांसाठी अॅमिओडॅरोन घेणाऱ्यांतही मोठा धोका असतो. अॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे व्हेलपाटासव्हिर नीट शोषले जात नाही. म्हणून भाऊ घेत असलेली प्रत्येक गोळी, मेडिकलमधून स्वतःहून आणलेलीसुद्धा, डॉक्टरांना दाखवावी. हिपॅटायटिस बीची तपासणी उपचाराआधी अवश्य हवी, कारण सीचा विषाणू जाताना दबलेला बी उसळी घेऊ शकतो. बी नसेल, तर त्याची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यावी. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी होते. आणि त्याची स्वतःची तयारी नसेल, तर थांबावे लागेल, पण त्यावर पुढे बोलू.

यकृत किती बिघडले आहे, याचा ढोबळ अंदाज तुमच्या दुसऱ्या कागदावरून काढता येतो. एसजीओटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एक द्रव्य, ८४ आहे आणि प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०. ८४ ला ४० ने भागले की २.१ येतात, त्याला शंभराने गुणले की २१०. प्लेटलेट एक लाख नव्वद हजार आहेत, म्हणजे हजारांत १९०. २१० भागिले १९० म्हणजे सुमारे १.१. या आकड्याला एपीआरआय म्हणतात. तो २ किंवा त्याहून अधिक आला, तर सिरॉसिसची शंका घेतात. तुमच्या भावाचा आकडा त्याखाली आहे आणि सोनोग्राफीतही पोटात पाणी नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. तरी हा आकडा पूर्ण निर्धास्त करण्याइतका कमी नाही, म्हणून डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, सुचवतील तर नाही म्हणू नका. निदान त्यांनाच करू द्यावे. हे गणित मी फक्त एवढ्यासाठी मांडले की तो कागद तुम्ही फाईलमध्ये ठेवून दिला होता आणि त्यात बरेच काही लिहिलेले होते.

कुठे जावे? त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, केस पेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत ‘हिपॅटायटिस कार्यक्रमात नाव नोंदवायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. तिन्ही कागद आणि आधार कार्ड सोबत न्यावे. एका खेपेत काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका. रक्ताचा नमुना, अहवाल आणि औषध यांसाठी तीन-चार फेऱ्या गृहीत धरा. पहिल्या दोन फेऱ्यांना घरचे कोणीतरी सोबत असावे, कारण रांगेत दोन तास उभे राहून चुकीच्या खिडकीवर पोचलेला माणूस परत फिरतो आणि पुन्हा येत नाही.

त्याच इमारतीत मानसोपचार विभागात एक दुसरा प्रश्नही विचारावा, तो ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय नशेच्या, पर्यायी उपचाराचा. तुमचा भाऊ ब्राउन शुगर आणि नंतर इंजेक्शने घेत होता, असे तुम्ही लिहिता. अशांना डॉक्टरांच्या नजरेसमोर रोज जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली जाते. तल्लफ शमते, सुईची गरज कमी होते. ‘एक नशा सोडून दुसरी’ असा आक्षेप घरोघरी घेतला जातो, तो मला पटत नाही. अशा उपचारामुळे हिपॅटायटिस सीची नवी लागण होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. जवळचे केंद्र कुठे आहे, हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या क्रमांकावर विचारता येते. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. ज्या वाचकांच्या घरी प्रश्न मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा आहे (२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शिंदे गावात त्याचा कारखानाच सापडला होता), त्यांनी लक्षात घ्यावे की एमडीसाठी अशी पर्यायी गोळी नाही, तिथे समुपदेशनावरच भर राहतो. हिपॅटायटिस सीचे औषध मात्र दोघांनाही सारखेच लागू पडते.

पोलिसांची भीतीही तुम्ही एका ओळीत लिहिली आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. उपचार मागितले म्हणून कोणी आरोपी होत नाही.

आता घरातील ताटाबद्दल. हिपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, कपडे एकत्र धुतल्याने तो पसरत नाही. तुमच्या आईंना हे रागावून सांगू नका. कावीळ म्हटली की भांडी वेगळी करायची, हे त्यांनी पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवरून शिकलेले आहे आणि त्या काविळीच्या बाबतीत ते चुकीचेही नाही. हा विषाणू वेगळा आहे, एवढेच त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे. वेगळी हवीत ती दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश आणि नेलकटर. रामकुंडावर विधीच्या वेळी मुंडण करताना, किंवा जत्रेत गोंदवून घेताना, आपल्यासमोर नवे ब्लेड आणि नवी सुई उघडायला लावावी. हे तुमच्या भावालाच नव्हे, आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. त्याचे पुढे लग्न झाले, तर पती-पत्नींमध्ये शरीरसंबंधातून हा विषाणू जाण्याची शक्यता फारच थोडी असते आणि बरे झाल्यावर तो प्रश्नच उरत नाही. उपचारात रिबाव्हिरिन असेल, तर मात्र त्या काळात आणि नंतर सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.

त्या तीन सिरिंजबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. घंटागाडीवरचे कामगार पिशव्या हातांनी चाचपतात, वर्तमानपत्रातून सुई सहज टोचते, आणि प्रयोगशाळेतील अभ्यासात काही सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तातील विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. तुम्ही घाबरून गेला होता, हे मी समजू शकतो. पुन्हा असे काही सापडले, तर सुईला टोपण परत लावण्याचा प्रयत्न करू नका, टोचते ती बहुधा त्याच वेळी. जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा घ्या, सुई खाली करून आत टाका, झाकण घट्ट लावा आणि पुढच्या फेरीला रुग्णालयात द्या. आणि कठीण असले, तरी भावाला एवढे सांगा: तोल गेलाच, तर सुई नवी असू दे, आणि चमचा, कापूस, पाणी यांपैकी काहीही दुसऱ्याबरोबर वाटून घेऊ नकोस. विषाणू त्या पाण्यातूनही जाऊ शकतो. तसे सांगणे म्हणजे परवानगी देणे, असे तुम्हाला वाटेल. माझ्या मते ते नशेला दिलेले उत्तेजन ठरत नाही. आणखी एक, जिवाशी थेट संबंध असलेली गोष्ट: काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि पूर्वीचाच डोस प्राणघातक ठरू शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून जागा होत नाही, असे दिसले तर लाज न धरता १०८ ला फोन करावा.

त्याच्याशी बोलायचे कसे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्र तुम्ही लिहिले आहे आणि गोळ्या त्याला घ्यायच्या आहेत. ‘ही तुझी शेवटची संधी’ हे वाक्य तुम्ही त्याला म्हटल्याचे लिहिता. ते मागे घेता आले तर पाहा. ज्याला संधी शेवटची वाटते, तो पहिल्या चुकीनंतर गोळ्याही सोडतो आणि दवाखान्याचे तोंडही चुकवतो. त्याला फक्त आरएनए तपासणीसाठी येतोस का, एवढेच विचारा. गोळ्या सुरू झाल्यावर रोजची वेळ त्यानेच ठरवावी. सकाळच्या चहाला जोडली की ती विसरत नाही. एखादी चुकली आणि त्याच दिवशी आठवली, तर लगेच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एखाद दिवशी त्याने सुई घेतली, तरी गोळी त्या दिवशीही घ्यायचीच, हे आधीच ठरवून ठेवा. दारू पूर्ण बंद हवी. आपल्याकडे वाइनला दारूत धरत नाहीत, यकृत मात्र धरते. काविळीची झाडपाल्याची औषधे आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले काढेही या काळात नकोत. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

बरे झाल्यानंतरचे विचारता. शेवटची गोळी घेतल्यावर लगेच केलेली तपासणी अंतिम धरत नाहीत. आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करतात आणि त्यात विषाणू सापडला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे म्हणतात. पुष्कळ जण ही तपासणी चुकवतात, कारण तोवर त्यांना बरे वाटू लागलेले असते. तो अहवाल जपून ठेवा. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा ‘रिअॅक्टिव्ह’ येईल आणि त्या वेळी हाच कागद दाखवावा लागेल. रक्तदान मात्र त्याला पुढेही करता येणार नाही. सिरॉसिस निघाला नाही आणि सुईही बंद राहिली, तर यकृतासाठी फार काही करावे लागत नाही. सुई अधूनमधून चालू राहिली, तर वर्षातून किमान एकदा आरएनए करावी. आणि सिरॉसिस निघाला, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.

पहिली गोळी तो ज्या दिवशी घेईल, त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा, आणि तिथून १६८ दिवस मोजून त्या तारखेला ‘आरएनए’ असे लिहून ठेवा. तारीख बहुधा पुढच्या वर्षात जाईल. नवे कालनिर्णय आणाल, तेव्हा ती खूण त्यावर उतरवायला विसरू नका.